कळा सुरू झाल्या म्हणजे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामात विवाहेच्छू वधूवरांसाठी तयारीचा वर्ग भरला होता. साक्रामेंताचे महत्त्व, परस्परनिष्ठा, घरखर्च, सासरची माणसे असे नेहमीचे विषय झाले आणि शेवटी रीतीप्रमाणे आम्ही विचारले, "कोणास काही शंका आहे काय?" मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली व खाली मान घालून म्हणाली, "फादर, बाळंतपणात नक्की काय होते ते कोणी सांगतच नाही. आईला विचारले तर म्हणते, वेळ आली की कळेल." वर्गात हशा पिकला. मुलगी लाजून खाली बसली. आम्हीही हसलो असतो. परंतु काही वर्षांपूर्वीची एक आठवण मनात उभी राहिली आणि हसू ओठांवरच थांबले. त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या सिस्टरांना बोलावून आणले. त्यांनी तासभर त्या मुलींशी आणि, आमच्या आग्रहावरून, मुलांशीही या विषयावर बोलणे केले. मुलगे प्रथम खिडकीबाहेर पाहत होते. नंतर कोणीच खिडकीबाहेर पाहीना.

ज्याने नऊ महिने सोडाच, नऊ दिवसही पोटात कोणाचे ओझे वाहिले नाही अशा ब्रह्मचाऱ्याने या विषयावर लेखणी उचलावी, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. संकोच आम्हांसही होता. परंतु लग्न आम्ही लावतो, बाप्तिस्मा आम्ही देतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये आमच्या भगिनींवर जे गुदरते त्याविषयी मात्र वेदीवरून अवाक्षर काढत नाही. हे मौन नेहमीच शालीनतेचे असते असे आता आम्हांस वाटत नाही. पुढे जे लिहिले आहे ते सिस्टरांकडून, बेळगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडून आणि आमच्या गावच्या दोन वृद्ध सुइणींकडून विचारून घेतलेले आहे. आता ती आठवण.

पावसाळ्याचे दिवस होते. रविवारच्या मिस्सानंतर एक तरुण स्त्री सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबली. पहिलटकरीण, आठवा महिना. पाय इतके सुजलेले की चप्पल पायांत मावत नव्हती; तोंडही फुगल्यासारखे दिसत होते. ती म्हणाली, "फादर, दोन दिवस कपाळ फुटते आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सासूबाई म्हणतात, होते असे. मला भीती वाटते. आशीर्वाद द्या." आम्ही तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि वर उपदेशही केला: आपल्या सगळ्यांच्या आयांनी हे सोसले, तूही धीराने सोस, प्रभूच्या दुःखाशी ते जोडून अर्पण कर. "बरे फादर," म्हणून ती गेली. तिसऱ्या रात्री तिला झटके आले, दातखीळ बसली. घरच्यांस प्रथम बाहेरची बाधा वाटली व अर्धी रात्र त्यातच गेली. ओढ्याला पूर होता. आमची जीप अलीकडेच थांबवावी लागली आणि चौघांनी तिला झोळीत घालून पलीकडे नेले. बेळगाव गाठेपर्यंत उजाडले होते. डॉक्टरांनी शर्थ केली व ती वाचली. मूल मात्र मृत जन्मले.

आशीर्वाद दिल्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही; उपदेश केल्याचा आहे. सुजलेले तोंड, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढील काजवे, बरगडीखाली दुखणे ही गरोदरपणात रक्तदाब चढल्याची लक्षणे असू शकतात; वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा अधिक झाला तर त्याकडे दुर्लक्ष करावयाचे नसते; आणि वेळीच औषध व मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन मिळाले तर बहुतेक झटके टळतात. हे आम्हांस ठाऊक नव्हते. सेमिनरीतील इतक्या वर्षांत आम्ही लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. आमच्या दारी उभ्या राहणाऱ्या गर्भवतीचे तोंड कसे वाचावे हे कोणी शिकवले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. तिचा तरुण नवरा दुसऱ्या दिवशी एक लहानशी लाकडी पेटी घेऊन आला व त्याने एवढेच विचारले, "फादर, याला आपल्या सिमित्रीत जागा मिळेल काय?" आईबापांनी ज्याला बाप्तिस्मा देण्याचे मनात धरले होते असे मूल त्यापूर्वीच गेले तर बिशपमहोदयांच्या अनुमतीने त्याचा दफनविधी ख्रिस्तसभेच्या रीतीने करता येतो. तो आम्ही केला. पाऊस कोसळत होता.

असो. त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. ती तारीख म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी मुले विसांत एखादे. सदतिसाव्या आठवड्यानंतर केव्हाही वेळ येऊ शकते. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखे घट्ट होते व सैल पडते. या खोट्या कळा. त्या अनियमित असतात आणि जरा चालले, कूस बदलली किंवा पाणी प्याले की बहुधा ओसरतात. खऱ्या कळा पुष्कळदा कंबरेतून निघून ओटीपोटात येतात. त्या हळूहळू लांबतात, तीव्र होतात, आणि दोन कळांमधील अंतर कमी होत जाते. कधी थोडा रक्तमिश्रित चिकट स्राव आधी दिसतो, कधी पाणमोट आधी फुटते. पाणी गेले तर त्याचा रंग पाहावा, असे सिस्टर बजावून सांगतात. ते स्वच्छ असले तरी इस्पितळात जावयाचेच; हिरवे वा तपकिरी असले अथवा त्यास दुर्गंधी असली तर क्षणभरही थांबावयाचे नाही. हिरवे पाणी म्हणजे पोटातच मुलाला शी झालेली असते.

कळा कशासाठी येतात, हे आमच्या वर्गातील निम्म्या मुलींना माहीत नव्हते. गर्भाशयाचे तोंड नऊ महिने घट्ट मिटलेले असते. प्रत्येक कळेबरोबर ते थोडे पातळ होते व थोडे उघडते, आणि मुलाचे डोके बाहेर येण्यासाठी ते सुमारे दहा सेंटिमीटर उघडावे लागते. म्हणजे कळ व्यर्थ जात नाही. प्रत्येक कळेने काम होत असते. पहिले पाच सेंटिमीटर किती वेळात उघडावे याला नियम नाही. पहिलटकरणीला त्यात अख्खा दिवसही जातो आणि तिला वाटते, आपले काही तरी बिघडले. पाच सेंटिमीटरनंतर वेग येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यानुसार तेथून पुढे पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या खेपेस सहसा बारा तासांहून अधिक व पुढच्या खेपेस दहा तासांहून अधिक लागत नाहीत. "पहिलटकरणीला दोन दिवस लागतातच," असे म्हणून घरी बसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या वेळात बाईने काय करावे? आमच्या सुइणींपैकी जी अधिक वयाची, ती म्हणते, "चालायचं, टेकायचं, पुन्हा चालायचं." यात जुन्या व नव्या शास्त्राचे एकमत आहे. उताणे पडून राहण्यापेक्षा चालणे, भिंतीला टेकून उभे राहणे, कुशीवर होणे हे बरे. लघवी साठू देऊ नये. दोन कळांमध्ये विसावा असतो, तो विसावा घ्यावा. पुढच्या कळेची धास्ती घेऊन तो दवडू नये. अडचण नसलेल्या बाईला पेज, चहा, पाणी देण्यास डॉक्टरांची हरकत नसते; उपाशी माणसाने शेत नांगरावे अशी अपेक्षा आपण करीत नाही. मात्र तोंड पूर्ण उघडण्याआधी "जोर कर, जोर कर" म्हणून ओरडणाऱ्या शेजारणींना खोलीबाहेर काढावे. त्या वेळी केलेला जोर फुकट जातो व बाई थकते.

शेवटी शेवटी एक अवस्था अशी येते की बाईला उलटी होते, अंग थरथरते, ती चिडते, शिव्याही देते, "मला नाही जमत, मला घरी न्या," म्हणते. नवऱ्यांनी घाबरू नये आणि रागावूही नये. सिस्टर म्हणतात, तिने हात टेकले की आम्ही समजतो, आता फार वेळ नाही.

मग ढकलण्याची वेळ येते. पहिल्या खेपेस हे तीन तासांपर्यंत चालू शकते, नंतरच्या खेपांस पुष्कळ कमी. या वेळी शौचाला झाले तर लाजण्याचे कारण नाही. मूल त्याच अरुंद वाटेने खाली येत असते, आणि परिचारिकांनी ते हजारदा पाहिलेले असते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो, कारण केवळ या लाजेपायी जोर आवरून धरणाऱ्या बायका असतात, असे आम्हांस सांगण्यात आले. डोके बाहेर येताना आग झाल्यासारखे वाटते. तेव्हा थांबून, लहान लहान श्वास घेत, हळू बाहेर येऊ द्यावयाचे. थोडे फाटते, टाके पडतात, ते भरून येतात.

मूल झाले म्हणजे सगळे संपले असे घरच्यांस वाटते. सर्वांचे डोळे बाळाकडे वळतात, कोणी मुलगा की मुलगी विचारते, कोणी मोबाईल काढते, आणि आई एकटी पडते. अत्यंत धोक्याचा काळ हाच. वार पडावयाची असते. ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत पडते. इस्पितळात मूल जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळते व रक्त थांबते. अजाण माणसाने नाळ ओढून वार काढू नये. अर्धा लिटरपर्यंत रक्त जाणे हीच धोक्याची मर्यादा मानतात. आपल्या घरातील दुधाचे अर्ध्या लिटरचे माप डोळ्यांसमोर आणावे. बाळंतिणीच्या मृत्यूंमध्ये अतिरक्तस्रावाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो दोन तासांत जीव घेऊ शकतो. एका घरात रक्ताने भिजलेली लुगडी सासूने लाजेपोटी मोरीमागे दडवली, असे आमची सुईण सांगत होती. ती बाई वाचली ती केवळ शेजारीण मोरीवर पाणी भरावयास गेली म्हणून.

बाळाला पुसून कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. नाळ निदान एक मिनिटानंतर कापावी. तेवढ्यात वारेतील रक्त बाळाला मिळते. एका तासाच्या आत ते अंगावर लावावे. पहिले पिवळसर चिकट दूध नासके म्हणून पिळून टाकण्याची चाल आमच्या काही वाड्यांत अजून आहे. गाईचा चीक आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांत कौतुकाने वाटतो आणि आईचा चीक मोरीत ओततो! मध, गुळाचे पाणी, घुटी यांपैकी काहीही बाळाच्या तोंडात घालू नये. पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर.

आता दुःखाच्या प्रश्नाकडे. आमच्या धर्मग्रामात अशा आजीबाई आहेत ज्या म्हणतात, "हव्वेने फळ खाल्ले, म्हणून बायांना हे भोगावेच लागते, त्यावर औषध घेणे म्हणजे देवाच्या शिक्षेत ढवळाढवळ." त्यांचा आम्ही अनादर करीत नाही, कारण त्यांना हे शिकविणारे आमच्यासारखेच कोणी असतील. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हाही हाच आक्षेप निघाला होता. त्यांनी त्याच वर्षी पुस्तिका लिहून उत्तर दिले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेच्या वाट्याला आलेल्या कष्टासाठी जो हिब्रू शब्द आहे तोच पुढच्या वचनात आदामाच्या कष्टासाठी आहे. आदामाच्या वंशजांनी घाम वाचविण्यासाठी बैल जुंपले, आता ट्रॅक्टर आणला. त्यांना कोणी पापी म्हटले नाही. १८५३ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतले, आणि प्रतिष्ठितांचा आक्षेप मावळू लागला. राणीला जे चालते ते शेतकऱ्याच्या सुनेला चालावयास मात्र आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

आमच्या ख्रिस्तसभेपुरते बोलावयाचे तर शंकेला जागाच उरलेली नाही. पोप बारावे पायस यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणात स्पष्ट केले की हव्वेला शिक्षा देताना परमेश्वराने मातांना प्रसूती सुलभ व कमी दुःखाची करणाऱ्या उपायांची मनाई केलेली नाही. त्या वेळी रशियात निघालेली एक पद्धत युरोपात पसरत होती: गर्भवतीला शरीराची ओळख करून द्यावयाची, श्वासाचा अभ्यास द्यावयाचा, भीती घालवावयाची, म्हणजे वेदना कमी होतात. ही पद्धत देव न मानणाऱ्या राज्यातून आली म्हणून काही कॅथलिक बिचकत होते. पोपमहोदयांनी सांगितले की शोध लावणाऱ्याच्या विचारसरणीवरून शोधाचा खरेखोटेपणा ठरत नाही. इंग्लंडचे डॉ. ग्रँटली डिक-रीड हेही पूर्वीपासून तेच सांगत होते: भीतीने अंग ताठते, अंग ताठले की दुखणे वाढते, दुखणे वाढले की भीती आणखी वाढते. पाठीच्या मणक्यांजवळ औषध सोडून वेदना कमी करण्याची सोय आता शहरांतील मोठ्या इस्पितळांत असते. आमच्या तालुक्यातील किती जणींना ती मिळणार, हा प्रश्न वेगळा. परंतु बाजूला कोणी धीर देणारे माणूस आणि काय चालले आहे याचे ज्ञान, ही दोन औषधे फुकट आहेत.

आणि या दोहोंतील पहिल्याबद्दल आम्हांस पुरुषवाचकांशी थोडे बोलावयाचे आहे. बाई आत कण्हते आणि हे महाशय बाहेर वडाखाली तंबाखू मळीत बसतात, हे चित्र आम्ही फार वेळा पाहिले आहे. ते बेपर्वा असतात असे नाही. तेथे आपले काही काम आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. तिच्या पसंतीचे एक माणूस जवळ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते व आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ सालापासून सरकारी इस्पितळांत त्यास मान्यता दिली आहे. खोलीत पडद्यांची सोय नसेल तर बाईमाणूसच लागते. तेव्हा आई, बहीण, जाऊ, कोणीही. पण तिला विचारून. सासूबाई जवळ असल्या की जिची कळ थांबते अशी सून आम्हांस ठाऊक आहे, आणि सासूबाईंचा हात सोडायला तयार नसलेली सूनही ठाऊक आहे. नवऱ्याने खोलीत जावे अथवा न जावे. गाडीचे भाडे, रक्तगट जुळणारे दोन मित्र, कार्ड व कपड्यांची पिशवी ही तयारी आठव्या महिन्यातच करून ठेवणे त्याला कोणी अडविलेले नाही.

सुइणींविषयी एक शब्द. त्यांना अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. आमच्या खानापूर तालुक्याच्या रानवाड्यांत जेव्हा रस्ता नव्हता तेव्हा याच बायका कंदील घेऊन रात्री-अपरात्री धावल्या, आणि पुष्कळदा त्यांना एक लुगडे व पायलीभर भात एवढेच मिळाले. कंबर चोळणे, धीर देणे, बाईला एकटे न सोडणे यांत त्या डॉक्टरांनाही शिकवतील. परंतु विळ्याने नाळ कापून तीवर राख लावणे, पोटावर बसून दाबणे, वरचेवर हात घालून पाहणे यांनी किती जीव गेले असतील, याचा हिशेब परमेश्वरापाशीच आहे. आणि शिकलेल्यांनीही फार मिजास करू नये. व्हिएन्ना शहरच्या मोठ्या प्रसूतिगृहात १८४०च्या दशकात डॉक्टरांच्या विभागात सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक बाळंतिणी तापाने मरत. डॉ. सेमेलवाइस यांनी कारण शोधताना एकदा असाही तर्क केला की मरणाऱ्या बाईला अंतिम साक्रामेंत देण्यासाठी धर्मगुरू घंटा वाजवीत खोल्यांमधून जातो, त्या आवाजाच्या धसक्यानेच इतर बायका मरत असतील. त्यांनी धर्मगुरूला दुसऱ्या वाटेने, घंटेविना यावयास सांगितले. त्या बिचाऱ्याने ऐकले. मृत्यू काही थांबले नाहीत. शेवटी १८४७ साली उमगले की शवविच्छेदन करून तेच हात घेऊन डॉक्टर बाळंतिणींकडे येत होते. हात क्लोरीनच्या पाण्याने धुण्याचा नियम केला मात्र, शेकडा दहाबारांच्या घरातले मृत्यू काही महिन्यांत शेकडा एकदोनावर आले. घंटा निर्दोष ठरली.

खुद्द आमच्या ख्रिस्तसभेतही या बाबतीत उशीर झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. धर्मभगिनींनी प्रसूतीचे काम करू नये असा निर्बंध होता. डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन या वृद्ध स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनी रावळपिंडीकडील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात हे जाणून रोमकडे वारंवार विनंत्या केल्या. १९१३ साली त्या वारल्या तेव्हा यश आले नव्हते. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगेल रावळपिंडीस आल्या, राबल्या, आणि १९२५ साली त्यांनी वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापिला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने तो निर्बंध उठविला. आज आमच्या दवाखान्यात पांढऱ्या झग्यातील सिस्टर बाळंतिणीशेजारी उभ्या दिसतात, ते काही जगाच्या आरंभापासून तसे नव्हते.

एक नवीन धोका मात्र जुन्या सुइणींनाही ठाऊक नव्हता. कळा लवकर याव्यात म्हणून काही जण घरीच कोणा पदवीहीन 'डॉक्टर'कडून सुई टोचून घेतात. जे औषध मूल झाल्यावर रक्त थांबवते तेच आधी बेहिशेबी दिले तर गर्भाशय फुटू शकते व मूल गुदमरते. इस्पितळातही ते थेंबाथेंबाने, डोळ्यांत तेल घालून देतात. अशी सुई कोणी घरी आणली तर त्यास दारातूनच परत पाठवावे.

सिझेरियनविषयी आमच्याकडे दोन टोके आहेत. एक म्हणते, पैसे उकळण्याचा धंदा. दुसरे म्हणते, मुहूर्त काढून पोट कापा, दुखायला नको. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील सरकारी इस्पितळांतील बाळंतपणांपैकी शेकडा १४ व खाजगीतील शेकडा ४७ शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. एवढा फरक बायकांच्या शरीररचनेतील नसणार, हे सांगावयास वैद्य लागत नाही. पण मूल आडवे आहे, वार तोंडाशी आली आहे, मुलाचे ठोके पडत आहेत अशा वेळी तीच शस्त्रक्रिया दोन जीव राखते. "नैसर्गिक झाले नाही" म्हणून सुनेला कमी लेखणाऱ्यांनी राखेलची आठवण ठेवावी. बेथलेहेमच्या वाटेवर तिची प्रसूती अडली, सुईण तिला धीर देत होती, बेन्यामीन जन्मला आणि राखेल गेली. याकोबाला तिला वाटेतच मूठमाती द्यावी लागली. संत जान्ना मोला यांचेही नाव काही जण भलत्याच अर्थाने घेतात. त्या स्वतः डॉक्टर होत्या. गरोदरपणात गर्भाशयातील गाठीसाठी त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, मात्र मुलाला धक्का लावू दिला नाही. २१ एप्रिल १९६२ रोजी इस्पितळातच सिझेरियनने कन्या झाली व आठवड्याने पोटात जंतुदोष पसरून त्यांचा अंत झाला. त्यांनी डॉक्टरांकडे पाठ फिरविली नव्हती. त्यांच्या नावाने कोणी बाईला घरी अडवून ठेवीत असेल तर तो त्या संतिणीचा भक्त नव्हे.

केव्हा निघावे? रक्त कोणत्याही महिन्यात दिसले तर. वर सांगितलेली डोकेदुखी व काजवे दिसले तर. पाणी गेले तर. ताप आला तर. मुलाची हालचाल मंदावली तर. आधी हात, पाय वा नाळ दिसली तर. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि पावसाळ्यात ओढ्यांचा भरवसा नसलेल्या वाड्यांनी तारखेच्या आठवडाभर आधीच बाईला रस्त्यालगतच्या नातलगांकडे ठेवावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी असते. 'तायी कार्ड' कन्नडात असल्याने आमच्या कित्येक माउल्या ते डब्यात जपून ठेवतात व वाचत नाहीत. आशाताईंकडून त्यातील रक्तदाब व हिमोग्लोबिन हे दोन आकडे तेवढे समजून घ्यावेत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले तर लोहाच्या गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे न फेकता पोटात घालाव्यात. (आम्हांस कोणत्या घरी हे होते ते ठाऊक आहे, पण लिहीत नाही.) २०१४ ते १६ या काळात आपल्या देशात लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत, २०१८ ते २० मध्ये हा आकडा ९७ वर आला. तो असाच आपोआप आलेला नाही.

बाळंतिणीच्या खोलीबद्दलही बोललेच पाहिजे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, ओवा यांस कोणाचीही ना नाही. परंतु दारे-खिडक्या लावून शेगडीचा धूर कोंडणे आणि "पोट सुटेल" म्हणून पाणी तोडणे हा छळ आहे. दूध पाण्यावाचून कोठून येणार? ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, एक पाय सुजून दुखणे दिसले तर पुन्हा इस्पितळ. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती उगाचच रडू लागली तर "एवढे गोंडस बाळ आहे आणि रडतेस काय" म्हणून टोचू नये. हे बहुतेकींना होते व दोन आठवड्यांत निवळते. त्यापलीकडे रडू थांबेना, झोप लागेना, बाळाकडे बघवेना, भलतेसलते बोलू लागली, तर तो आजार आहे, त्यास औषध आहे. देवाची अवकृपा नव्हे आणि बाधाही नव्हे.

ज्या भगिनीची हकिगत आम्ही आरंभी सांगितली ती तीन वर्षांनी पुन्हा गरोदर राहिली. या खेपेस ती मिस्सानंतर थांबली तेव्हा आम्ही आशीर्वादापूर्वी विचारले, "रक्तदाब केव्हा मोजलास?" तिने पिशवीतून कार्ड काढून दाखविले. दर पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला नवरा तिला मोटारसायकलने नेत होता. सदतिसाव्या आठवड्यात रक्तदाब चढू लागताच डॉक्टरांनी ठेवून घेतले, कळा आणविल्या. अकरा तास लागले. नवरा दारात नव्हे, तिच्या उशाशी होता. तिची नखे त्याच्या मनगटात रुतल्याचे वळ त्याने आम्हांस अभिमानाने दाखविले. मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती अशी किंचाळली की मागच्या बाकावरच्या आजीबाईसुद्धा हसल्या. विधीनंतर ती दोघे बाळाला घेऊन सिमित्रीकडे वळली, आणि आम्हीही सुरप्लीस न उतरविताच त्यांच्यामागून गेलो.

यंदाचा वधूवरांचा वर्ग पास्कानंतरच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सानंतर भरेल. सिस्टर येणार आहेत. मुलांनीही यावयाचे आहे.